खांद्याची सोनोग्राफी पुरे, की एमआरआय हवाच?

तासगाव तालुक्यातील एका गावातून ५२ वर्षांच्या एका द्राक्षबागायतदार ताईंचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत.

एप्रिलमधील खरड छाटणी संपता संपता ताईंचा उजवा खांदा दुखू लागला. द्राक्षवेलींच्या मंडपाखाली हात वर धरून काम झाले, म्हणून दुखत असेल असे समजून त्यांनी महिनाभर मलम चोळले. आता चार महिने होत आले आहेत. उजव्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालताना हात अडतो, पाठीमागून पदर ओढून घेता येत नाही. सांगलीतील अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून एक्स-रे काढला आणि त्यात काही न दिसल्याने खांद्याची सोनोग्राफी करण्यास सांगितले. सोनोग्राफीच्या वेळी हात कमरेमागे न्यायला सांगत होते, पण तो जाईना, असे त्या लिहितात. अहवालात ‘सुप्रास्पायनॅटस या कंडरेला आंशिक फाट’ असा उल्लेख आहे (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा). पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे म्हणणे असे की, सोनोग्राफी ही पोटाची तपासणी असून खांद्यासाठी एमआरआयच खरा. एका नातेवाइकांनी ‘फाटले आहे तर वेळेत शिवून घ्या’ असे सांगितले, तर शेजारणीने हाडवैद्याचे नाव सुचवले. पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिले आहे की, त्या सहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात आणि साखर ‘थोडी वरखाली असते’. त्यांचे प्रश्न दोन आहेत. सोनोग्राफीवर विश्वास ठेवावा की एमआरआय करावा? आणि शस्त्रक्रिया करावीच लागणार असेल, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीपूर्वी ती उरकता येईल का?

ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी थोडक्यात देतो. मी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेले नाही, परंतु पत्रावरून पाहता एमआरआय लगेच करण्याची निकड मला दिसत नाही, आणि फळछाटणीपूर्वी शस्त्रक्रिया उरकण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी, म्हणजे तपासणीच्या वेळी हात कमरेमागे न जाणे आणि साखर वरखाली असणे, या मला त्या अहवालापेक्षा अधिक महत्त्वाच्या वाटल्या. त्यांच्याकडे मी येणारच आहे. त्याआधी सोनोग्राफीवरचा आक्षेप पाहू.

सोनोग्राफी म्हणजे पोटाची तपासणी, हा समज आपल्याकडे फार जणांचा असतो आणि त्याला कारणही आहे. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान केले जात नसल्याची पाटी लावलेली असते. १९९४ च्या कायद्यानुसार असे केंद्र नोंदणीशिवाय चालवता येत नाही, त्यामुळे काही देशांत अस्थिरोगतज्ज्ञाच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर दिसणारे हे यंत्र आपल्याकडे तसे सहज दिसत नाही आणि रुग्णाला त्यासाठी वेगळ्या ठिकाणी जावे लागते. तेथे बाकावर बसलेल्या बहुतेक स्त्रिया गर्भवती असतात, म्हणून खांद्यासाठी आलेल्या माणसाला आपण चुकीच्या रांगेत आलो की काय असे वाटते. वस्तुतः खांद्याच्या कंडरांसाठी ही तपासणी जगभर गेली अनेक दशके केली जात आहे. पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झच्या ध्वनिलहरी वापरतात, कारण त्यांना खोलवर पोहोचायचे असते. खांद्याच्या कंडरा त्वचेखाली थोड्याच अंतरावर असल्यामुळे तेथे सपाट तोंडाचा, साधारण ७ ते १५ मेगाहर्ट्‌झचा प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवायचा यंत्राचा भाग, चालतो. या लहरी फार खोल जात नाहीत, परंतु जेथवर जातात तेथवरचे कंडरेचे तंतू अतिशय बारकाईने दाखवतात. शिवाय हात हलवत असताना कंडरा कशी सरकते, ती हाडाखाली कोठे अडते, दुसऱ्या खांद्याच्या तुलनेत ती जाड आहे की पातळ, हे सर्व त्याच बैठकीत पाहता येते. एमआरआयमध्ये रुग्णाला निश्चल पडून राहावे लागते, त्यामुळे तेथे ही सोय नसते.

येथे एक खुलासा करतो, कारण सोनोग्राफीलाही अल्ट्रासाऊंड म्हणतात आणि त्यामुळे नेहमी घोटाळा होतो. फिजिओथेरपिस्ट ज्याला अल्ट्रासाऊंडचा शेक म्हणतात, तो उपचाराचा प्रकार आहे. त्यात चित्र दिसत नाही आणि निदान होत नाही. ‘दहा वेळा अल्ट्रासाऊंड केले तरी काही सापडले नाही’ असे सांगणारे बहुधा या शेकाविषयीच बोलत असतात.

आता विश्वासाचा प्रश्न. महाग तपासणी तेवढी खरी, असे तुमच्या मुलाने गृहीत धरलेले दिसते. कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये खांद्याच्या कंडरांच्या तपासण्यांवरील अभ्यासांची समीक्षा प्रसिद्ध केली. आरपार फाटलेल्या कंडरेच्या बाबतीत सोनोग्राफीने शंभरातील सुमारे ९२ फाटी ओळखल्या आणि एमआरआयने सुमारे ९४, म्हणजे फरक नगण्य. आंशिक फाटीच्या बाबतीत मात्र सोनोग्राफीला शंभरातील सुमारे ५२ सापडल्या आणि एमआरआयला सुमारे ७४. फाट नसताना ती नाही असे सांगण्यात दोन्ही तपासण्या जवळजवळ सारख्या, सुमारे ९३ टक्के बरोबर ठरल्या. समीक्षेतील अभ्यास थोडे आणि लहान होते, म्हणून हे आकडे काटेकोर मानू नयेत, तरी त्यातून निघणारी दिशा उपयोगाची आहे. सोनोग्राफीत आंशिक फाट दिसली नाही, तर ती नसेलच असे म्हणता येत नाही. ती दिसली, तर बहुतेक वेळा असते. तुमच्या अहवालात ती दिसली आहे, तेव्हा केवळ तिची खातरजमा करण्यासाठी कित्येक पट खर्चाची दुसरी तपासणी करून फारसे काही हाती लागणार नाही.

यात एक ‘परंतु’ आहे आणि तो तुमच्याच पत्रात आहे. सुप्रास्पायनॅटस ही कंडरा खांद्याच्या टोकावरील हाडाच्या छपराखालून दंडाच्या हाडाकडे येते. ध्वनिलहरी हाडातून जात नाहीत, त्यामुळे हात सरळ खाली सोडलेला असताना तिचा बराचसा भाग त्या छपराखाली झाकलेला राहतो. तो बाहेर यावा म्हणूनच रुग्णाला हात कमरेमागे किंवा पँटच्या मागच्या खिशाच्या जागी ठेवायला सांगतात. तुमचा हात तेथे गेला नाही, याचा अर्थ डॉक्टरांना ती कंडरा पूर्णपणे पाहता आली नसण्याची शक्यता आहे. त्यातच प्रोब कंडरेच्या तंतूंना काटकोनात धरला गेला नाही, तर निरोगी कंडरासुद्धा तेवढ्या जागी काळी दिसते आणि फाटीचा भास होतो. अनुभवी रेडिओलॉजिस्ट प्रोब थोडा कलवून हा भास आहे की खरी फाट, हे पडताळून पाहतात. म्हणून तुमचा अहवाल मी चुकीचा म्हणणार नाही, पण तो अडचणीच्या स्थितीत काढलेला अहवाल आहे, हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असायला हवे. अशी अडचण आली असेल तर अहवालातच तसे नमूद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक अहवालांत ते नसते.

आणि हात मागे गेला नाही तो का? माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील खरा प्रश्न हा आहे. कंडरा फाटल्यामुळे दुखणाऱ्या खांद्यात रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही, किंवा उचलताना कळ येते, पण दुसऱ्याने आधार देऊन तोच हात हळूहळू नेला तर तो बहुधा पूर्ण जातो. खांद्याचा सांधाच आखडला असेल तर मात्र स्वतःच्या ताकदीनेही हात जात नाही आणि दुसऱ्याने नेला तरी जात नाही. या आखडण्याला डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आकसते. हा आजार प्रामुख्याने ४० ते ६० या वयात होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसतो आणि मधुमेही व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण इतरांच्या कित्येक पट असते. त्यात एक्स-रे साधारणतः निर्दोष येतो. तुमचे वय, मधुमेह, रात्रीचे दुखणे, वेणी घालताना अडणारा हात आणि निर्दोष एक्स-रे या साऱ्या गोष्टी एकत्र पाहिल्यावर हे निदान तपासून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

ते तपासण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवा आणि कोपरे जागची न हलवता हात बाहेरच्या बाजूला फिरवा. मग घरातल्या कोणाला तरी उजवा हात त्याच दिशेला अगदी हलकेच, तुम्ही थांबा म्हणेपर्यंत न्यायला सांगा. डावा हात मोकळेपणाने बाहेर जात असेल आणि उजवा, दुसऱ्याने नेल्यावरही, जवळजवळ समोरच अडत असेल, तर आवरण आखडल्याची शंका बळावते. घरच्या घरी पाहण्याचा उद्देश एवढाच की पुढच्या भेटीत तुम्ही डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. निदान त्यांनीच करायचे आहे, कारण सांध्याची झीज झाली असली तरीही हात असाच अडतो आणि ते एक्स-रे पुन्हा नीट पाहून ठरवावे लागते.

मग अहवालातील फाटीचे काय? ती असेलही. पण ती आहे म्हणून तीच दुखते आहे, असे लगेच धरून चालू नये. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ४० ते ७० वयोगटातील ५१ पुरुषांची सोनोग्राफी करण्यात आली, तेव्हा त्यांच्यापैकी ९६ टक्के जणांच्या खांद्यात काही ना काही दोष दिसला. कोठे कंडरा झिजलेली, कोठे तिच्यावरची पिशवी जाड झालेली, कोठे सांध्याची झीज. या माणसांना काहीही दुखत नव्हते. २००६ मधील दुसऱ्या एका अभ्यासात एकच खांदा दुखणाऱ्या ५८८ रुग्णांचे दोन्ही खांदे तपासले गेले. ज्यांच्या कंडरा शाबूत होत्या त्यांचे सरासरी वय ४९ च्या आसपास होते, एका बाजूची फाटलेली होती त्यांचे ५९ च्या आसपास आणि दोन्ही बाजूंच्या फाटलेल्या होत्या त्यांचे ६८ च्या आसपास. दोन्ही खांदे फाटलेले असूनही दुखत होता तो एकच. वयानुसार कंडरेचे काही तंतू झिजणे हे जुन्या दोराचे दोनचार पीळ विरल्यासारखे आहे. दोर पाहून पीळ विरलेले दिसतात, पण तो अजून किती वजन पेलतो हे वजन लावूनच कळते. तुमच्या बाबतीत ते वजन लावणे म्हणजे डॉक्टरांनी हाताची ताकद आणि हालचाल प्रत्यक्ष तपासणे.

आता शिवून घेण्याविषयी. कंडरा शिवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हात साधारण चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो आणि जड किंवा डोक्यावरचे काम पुढे कित्येक महिने करता येत नाही. म्हणजे उद्या शस्त्रक्रिया केली तरी फळछाटणीला तुमचा उजवा हात उपलब्ध नसणारच, आणि बहुधा पुढच्या कामांनाही नसेल. त्याहून मोठी बाब अशी की, सांधा आखडलेला असताना कंडरा शिवली तर तो अधिकच आखडण्याची भीती असते, म्हणून असे रुग्ण आले की आधी हालचाल मोकळी करण्याकडे कल असतो. आंशिक फाटीसाठी तर सुरुवातीचा उपचार व्यायाम हाच आहे. आरपार फाटलेल्या कंडरांच्या बाबतीतही, फाट अपघाताने झालेली नसेल तर, व्यायामाला वाव असतो. अमेरिकेतील अशा ४५२ रुग्णांना व्यायाम देऊन दोन वर्षे पाहिले, तेव्हा त्यांच्यापैकी चतुर्थांशाहून कमी जणांनी शस्त्रक्रियेचा मार्ग निवडला. तुमच्या नातेवाइकांचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे, पण तो सर्वांना लागू पडणारा नाही.

तुमच्यासारख्या गावाकडच्या वाचकांना पडणारा पुढचा प्रश्न म्हणजे व्यायामासाठी रोज सांगलीला कसे जायचे. याचे उत्तर दिलासा देणारे आहे. इंग्लंडमध्ये कंडरेच्या दुखण्याच्या ७०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकदाच नीट समजावून घरी व्यायाम करायला सांगितलेल्या रुग्णांची वर्षभरानंतरची स्थिती, सहा वेळांपर्यंत फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या रुग्णांएवढीच होती. ही चाचणी आखडलेल्या खांद्यासाठी नव्हती, हे खरे. तरी एका भेटीत व्यायाम नीट शिकून घेणे, ते मोबाइलवर चित्रित करून ठेवणे आणि घरी नेमाने करणे हा मार्ग कमी दर्जाचा मानण्याचे कारण नाही. निदान आखडण्याचे निघाले, तर व्यायाम वेगळे असतात आणि दुखण्याचा जोर असताना ते सौम्यच ठेवावे लागतात. अशा वेळी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा पर्यायही डॉक्टर सुचवतील आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याने आराम पडतो. मात्र त्या इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते. म्हणून ते घेण्यापूर्वी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा आणि मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी करून घ्या. खरे तर ‘थोडी वरखाली’ म्हणजे नेमकी किती, हे खांद्याचा विषय नसता तरी तुम्हाला ठाऊक असायला हवे.

हाडवैद्याविषयी एवढेच सांगतो की, आखडलेला किंवा कंडरा झिजलेला खांदा झटक्याने ओढून घेऊ नये. कोणाचाही अनादर करण्याचा यात हेतू नाही.

एमआरआय कधी करावा, तेही सांगायला हवे, नाहीतर हे सदर वाचून कोणीतरी तो विनाकारण टाळेल. मोठी, आरपार फाट सापडली असून शस्त्रक्रियेचा निर्णय जवळ आला असेल, तर कंडरा किती मागे सरकली आहे आणि तिच्या स्नायूत किती चरबी साचली आहे, हे एमआरआयमध्ये चांगले कळते. खांदा निखळण्याचा इतिहास असेल, सांध्याच्या कडेची कूर्चा किंवा हाडाचा आतला भाग पाहायचा असेल, तर सोनोग्राफी तेथे पोहोचतच नाही. ताप, वजन घटणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे यांपैकी काही असेल, तरीही थांबू नये. पडून किंवा जोराचा हिसका बसून त्यानंतर हात अचानक उचलताच येईनासा झाला असेल, तर महिनाभर मलम चोळत बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, कारण ताज्या फाटीची शिवण लवकर केलेली बरी. दुखणे मानेतून येऊन कोपराखाली बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर खांद्याऐवजी मान तपासावी लागेल. आणि मधुमेही व्यक्तीला चालताना, चढताना खांदा, छाती किंवा जबडा दुखत असेल व बसल्यावर थांबत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते आणि त्यासाठी तातडीने दवाखाना गाठावा.

पुढच्या भेटीला जाताना सोनोग्राफीचा अहवाल आणि त्यासोबतची छायाचित्रे दोन्ही न्या. डॉक्टरांना विचारा की, माझा हात तुम्ही नेल्यावर किती जातो, आणि एमआरआय केला तर त्याच्या उत्तराने माझ्या उपचारात काय बदलेल? काही बदलणार नसेल तर तो आज करू नये. तुमच्या मुलालाही हाच प्रश्न विचारायला सांगा. तो पैसे द्यायला तयार आहे ही चांगली गोष्ट आहे, पण ते पैसे सध्या फिजिओथेरपी आणि साखरेच्या तपासण्यांवर अधिक सार्थकी लागतील. सोनोग्राफी पुन्हा करायची ठरली, तर खांद्यासारख्या सांध्यांची तपासणी नेहमी करणारे रेडिओलॉजिस्ट कोण, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मिरज-सांगलीत अशी माहिती मिळणे अवघड नाही. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून हा परिसर वैद्यकीय उपचारांसाठी ओळखला जातो आणि दोन्ही शहरांत शासकीय रुग्णालयेही आहेत. तपासणीच्या चिठ्ठीवर केवळ ‘उजवा खांदा’ असे न लिहिता दुखणे किती दिवसांचे आहे, पडल्याचा इतिहास आहे का, हात किती जातो आणि नेमके काय शोधायचे आहे, हे लिहून घ्या. अहवालात फाट कोणत्या कंडरेला, किती मिलिमीटरची, आंशिक की आरपार, बायसेप्सची (दंडाच्या पुढच्या स्नायूची) कंडरा कशी आहे, कोठे चुना साठला आहे का आणि तपासणीत काही अडचण आली का, एवढ्या गोष्टी असाव्यात.

राहिली फळछाटणी. या वर्षी मंडपाखाली हात वर धरून कात्री चालवण्याचे काम मजुरांकडे किंवा घरातील इतरांकडे द्या. तुम्ही काडीवरचे डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) मोजा, कोणती काडी किती ठेवायची ते दाखवा, डोळ्यांना पेस्ट लावण्याचे काम डाव्या हाताने जमेल तेवढे करा. पुढे घडांची विरळणी करण्याची वेळ येईल तेव्हा काम खांद्याच्या उंचीच्या खाली येईल अशा बेताने घोडी किंवा स्टूल घ्या आणि दर अर्ध्या तासाने हात खाली सोडून थांबा. हात पूर्णपणे गळ्यात बांधून ठेवू नका, त्याने खांदा आणखी आखडेल. रात्री डाव्या कुशीवर झोपून उजव्या हाताखाली उशी घ्या. सहा आठवडे हे सर्व करून आणि व्यायाम नेमाने करूनही काहीच फरक पडला नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. त्या वेळी एमआरआयचा विषय निघाला, तर तो योग्य वेळी निघालेला असेल.